मागची खोली आवरली

अहो,

तुमची मागची खोली मी आवरली. तुम्हाला न विचारता आवरली. घ्या, आता ओरडा!

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठे आली? तुम्ही कडाव नाक्यावरच्या दुकानात, मी इथे घरात. काही सांगायचं असलं तर तुम्ही रात्री जेवायला आलात की सांगायचं, आणि तुम्ही ताटावरून उठेपर्यंत नुसतं 'हूं, हूं' करायचं. ऐकलंत की नाही तेही मला कळायचं नाही. आता तुमचं वर्षश्राद्धही होऊन गेलं. बायका फोटोशी बोलतात म्हणे. मला नाही जमत, भिंतीकडे बघून बोलायची लाज वाटते. पण या आठवड्यात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरत नाहीये. म्हणून लिहायला बसलेय.

आधी बातमी. मयू बाळंतपणाला आली आहे. होय, आपली मयू! आठवा महिना चालू आहे. तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तब्येत बरी आहे. पाय थोडे सुजतात. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि ही बया माझी पाठ वळली की बरणीतलं लोणचं खाते. तुमचीच मुलगी.

पण ती सुखासुखी नाही आली हो. मी फोन केला की विषय बदलायची. "मी खोपोलीतच राहते ना गं आई. सासूबाई हायत, दवाखाना जवळ हाय." मागच्या वेळचं तिच्या मनात असणार, म्हणून मीही फार ताणलं नाही. शेवटी एकदा चिडून विचारलंच, तर म्हणाली, "तुझ्याकडं जागा कुठाय? पुढं सारखं कुनी ना कुनी येतंय. मागची खोली म्हंजे भंगाराचं गोदाम. बाळाला काय मोटारीवर निजवू?"

मी म्हटलं, खोली रिकामी करते मग तर येशील, तेव्हा कुठे ती नाइलाजानं हो म्हणाली. फोन ठेवला आणि मला तुमचाच राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. चांगली तासभर रागावले.

त्या खोलीवरून आपण किती भांडलो, आठवतं का? दार धड उघडायचं नाही. आत पाऊल टाकायचं तर आधी टेबलफॅन उचलायचा, मग तो ठेवायला जागा नाही म्हणून पुन्हा तिथेच ठेवायचा. मिक्सरची भांडी, झाकण नसलेले कुकर, शेतातल्या पाण्याच्या जळक्या मोटारी, इस्त्र्या, पाठ उघडी पडलेले टीव्ही. कुणी काही आणून दिलं की तुम्ही 'ठेव' म्हणायचात. मी ओरडले की तुमचं एकच उत्तर, "आसू दे गं. लागंल कुनाला तरी." कुणाला लागणार होतं ते? एकदा तर मी भंगारवाल्याला दारात बोलावून आणला होता. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलात!

आणि खरं सांगू? पूर्वी तुम्ही असे नव्हतात. दुकानाचं काम दुकानात, घर ते घर. पंखा दुरुस्त झाला की त्याच दिवशी निरोप धाडायचात, घेऊन जा म्हणून. मधल्या काळात कधीतरी हे सुरू झालं. वय झालं, आळस भरला, असं मी धरून चालले. चार बायकांत तसं बोलूनही दाखवलं.

तर गेल्या आठवड्यात भात झोडून झालं, पेंढा रचला, आणि मी पदर खोचला. मदतीला शेजारची बेबी होती. तिनं दार ढकललं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "वैनी, माजा मिक्सर हाय का गं यात? दादांनी दोन दिसांत देतो म्हनलं व्हतं. माजी सून आली, सुनंला पोरगं झालं, त्ये पोरगं चालाय लागलं." मिक्सर निघाला. चालू होता! तुम्ही तो केव्हाच दुरुस्त करून ठेवला होतात. मग दिला का नाहीत?

आणि तुमच्या त्या चिठ्ठ्या! प्रत्येक वस्तूला एकेक, तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि त्यावर माणसाचं धड नाव नाही. 'चौकाची मोठ्यानं बोलणारी.' 'रेडिओ, म्हशीवाला.' एका पंख्यावर 'लंगडा, कोंडाणे'. मी बेबीच्या नवऱ्याकडून कोंडाण्याला निरोप पाठवला, तुमच्याकडे पायानं अधू कोण आहे त्यांनी पंखा घेऊन जावा. बिचाऱ्यांनी अख्ख्या गावात चौकशी केली. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले, चांगले ताठ, डोंगर उतरून आलेले. म्हणाले, "बाय, लंगडा मी नाय. पंखा लंगडा. त्याचं एक पातं वाकडं." मी हसले तर हसू आवरेना. मग त्याच हसण्यात रडू आलं. आजोबा घाबरले, पंखा उचलून गेले. जाताना म्हणाले, "मानूस चांगला व्हता." नवीन काही सांगितलं नाही त्यांनी, पण बरं वाटलं.

खोली निम्मी झाली तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सामान कसंही फेकलेलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला पसारा, पण मागच्या भिंतीकडे सगळं नीट रचत नेलेलं होतं. जड मोटारी खाली, त्यावर फळी, फळीवर टीव्ही. बेबी म्हणाली, "दादांनी भिंत बांदलीय जनू." आम्ही दोघींनी ती भिंत उतरवली. मागे एक गाठोडं होतं. माझ्या जुन्या निळ्या चादरीत गुंडाळलेलं, आत डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. आयुष्यात एक शर्ट घडी करून ठेवला नाही तुम्ही! हे असं कोणी बांधलं, असं म्हणत मी चादर सोडली.

आत पाळणा होता.

आपला सागवानी पाळणा. ज्यात तुम्ही निजलात, आक्का निजल्या, मयू निजली. मी खालीच बसले. बेबीला म्हटलं, तू जा, राहिलेलं उद्या बघू. ती काही न विचारता गेली. समजूतदार आहे बेबी.

तुम्ही तर मला सांगितलं होतंत, पाळणा लोधिवलीला दिला! माळ्यावर दिसला नाही म्हणून मी विचारलं होतं. "आक्काच्या नातवाला दिला," असं म्हणालात, आणि ताटात बघत जेवत राहिलात. मला वाईट वाटलं होतं, पण मी म्हटलं, असू दे, आपल्याकडे आता काय कामाचा. तुमच्या बहिणीला मी कधी त्याबद्दल विचारलं नाही. दिलेल्या वस्तूची चौकशी कशी करायची?

मी पाळण्यावरून हात फिरवला. सगळा घासलेला, पॉलिश केलेला. तीन बाजूंचे गज नवे बसवलेले. चौथ्या बाजूचे गज आत ठेवलेले, तांब्याच्या तारेनं बांधून. आणि वरच्या कड्यांत, जिथे साखळी अडकते तिथे, तुम्ही पंख्याचे बेअरिंग बसवले होते. मी कडी धरून पाळणा जरा हलवला. आवाज नाही. जुना पाळणा केवढा करकरायचा! मयूला झोप लागायची आणि त्या करकरीनंच ती उठायची. तुम्हाला तेव्हा मी रोज सांगायचे, तेल घाला, तेल घाला.

हे तुम्ही कधी केलंत? आणि अर्धवट का सोडलंत? ते विचारायला तुम्ही नव्हतात. मी त्या निम्म्या रिकाम्या खोलीत बसून राहिले, आणि हळूहळू मला एक दुपार आठवली.

मागच्या वेळची. मयू सातव्या महिन्यात इकडे आली होती, आणि तिचं ते बाळ राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं, वार आधीच सुटली, यात कोणाची चूक नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोधिवलीहून आक्का आल्या. मयू आत निजलेली. तुम्ही ओटीवर चहा घेत होतात. आक्कांनी पायावर पाणी घेतलं, माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मग म्हणाल्या, "कुनी आधीच पाळना काडला व्हता काय गं घरात?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे रीतच आहे ती. बाळ हाती येईपर्यंत पाळणा काढायचा नाही, नवं अंगडं शिवायचं नाही. असं काही झालं की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात पहिला तोच प्रश्न येतो. मी म्हटलं, "नाही हो आक्का, पाळणा माळ्यावर आहे." तुम्ही कप खाली ठेवलात आणि उठून गेलात. चहा अर्धा तसाच होता. मला वाटलं, बायकांचं रडणं सोसवलं नसेल.

म्हणजे मी माळ्यावर आहे म्हणत होते, तेव्हा पाळणा तुम्ही आधीच काढलेला होता. त्यानंतरच ती खोली भरायला लागली. नाही का?

तुम्ही त्या पाळण्यावर अख्ख्या तालुक्याचं भंगार रचलंत. दुरुस्त झालेल्या वस्तूसुद्धा परत दिल्या नाहीत, भिंत कमी पडू नये म्हणून. आणि मी तुम्हाला आळशी म्हणत राहिले, तुम्ही ऐकून घेत राहिलात. एवढे हुशार, जळकी मोटार नुसत्या वासानं ओळखणारे, आणि तुम्हाला असं वाटलं की तुमच्या हातानं आपलं नातवंड गेलं? डॉक्टरीणबाईंचं काय ऐकलंत मग? तिथेही 'हूं, हूं'च केलंत?

एकदा बोलायचं होतंत हो माझ्याजवळ. मी काय तुम्हाला खाल्लं असतं? कदाचित सुरुवातीला ओरडले असते, तो माझा स्वभाव आहे. पण मग जवळ बसले असते ना. नवऱ्याचं दुःख त्याच्या मागे भंगारातून उकरून काढावं लागलं, ही काय बायकोची दशा झाली?

मी ठरवलं, मयूला यातलं काही कळू द्यायचं नाही. ती यायच्या आत पाळणा खरंच लोधिवलीला पोचवायचा. बेबीच्या नवऱ्याचा टेंपो सांगून ठेवला. खोलीला चुना मारला, खाट आत घेतली, खिडकीला माझ्या साडीचा पडदा केला. पाळणा पुसून ओटीवर आणून ठेवला आणि टेंपोची वाट बघत बसले.

टेंपोच्या आधी जावयांची गाडी आली. त्यांना सुट्टी मिळाली म्हणून ते मयूला एक दिवस आधीच घेऊन आले होते.

ती उतरली. पोटावर हात धरून हळूहळू पायरी चढली आणि थांबली. मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, हा आक्कांकडे चाललाय, तू आत ये." ती जागची हलली नाही. पाळण्याकडे बघत म्हणाली, "बाबांनी ठेवला व्हता हा?"

"तुला माहीत होतं?"

"मीच काडायला लावला व्हता, आई."

जावई बॅगा घेऊन आत गेले, आणि ती ओटीच्या कडेला बसून सांगायला लागली. तिकडे सासरी रीतभात फार, म्हणून तिनं माहेरी येऊन तुमच्याकडे पाळण्याचा हट्ट धरला होता. तुम्ही आधी नाही म्हणालात. आईला कळलं तर ओरडेल म्हणालात. ती म्हणाली, आईला सांगायचंच नाही. मग तुम्ही दोघांनी, मी शेतावर गेले असताना, पाळणा माळ्यावरून उतरवून दुकानात नेला. ती रोज तुमचा डबा घेऊन यायची ना नाक्यावर? मला वाटायचं, केवढी माया बापावर! ती स्टुलावर बसून गजांना पॉलिशपेपर मारायची. करकर नको, बेअरिंग बसवा, हेही तिनंच सुचवलं. तुम्ही खूश झाला होतात म्हणे. म्हणालात, "माजी पोरगी इंजिनेर हाय."

"आणि आक्कांनी विचारलं तवा मी आतून ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, माज्या हौसेपायी गेलं. आनि बाबा त्याच्यानंतर माज्याशी नीट बोललेच नायत. मी आले की दुकानात जायचे. मला वाटलं, मी त्यांना भरीस घातलं म्हनून माज्यावर रागावलेत. मी कशी येनार व्हते गं या घरात?"

अहो, ऐकताय ना? तुम्हाला वाटत होतं तुमच्या हातानं झालं. तिला वाटत होतं तिच्या हट्टानं झालं. दोघं एकमेकांना तोंड चुकवत राहिलात, आणि मी दोघांच्या मध्ये ताटं वाढत फिरत होते. ती येईनाशी झाली तेव्हा मी तिला सासरची झालीस म्हणून टोमणे मारले. आणि तुम्ही तसेच गेलात! लेकीला शेवटपर्यंत वाटत राहिलं, बापाचा राग गेला नाही. हे मात्र मला सोसवत नाही. बाकी सगळं सोसेन मी.

मी तिला म्हटलं, "बाबा तुझ्यावर नव्हते गं रागावले. ते स्वतःवरच रागावले होते." चादरीचं सांगितलं, डांबराच्या गोळ्यांचं सांगितलं, त्या मोटारींच्या भिंतीचं सांगितलं. राग आलेला माणूस पाळणा फोडून चुलीत घालतो, असा जपून ठेवतो का? ती खूप रडली. जावई दारात आले आणि पुन्हा आत गेले. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "तरी हा हितं नको, आई. मला भ्या वाटतं. टेंपो नाय आला तर मी आत्ताच्या आत्ता परत जाते."

मी वाद घातला नाही. मला वाद घालता येतो हे तुम्हाला माहीत आहे, पण नाही घातला. आत जाऊन तुमचा स्क्रूड्रायव्हर आणला, पाळण्याजवळ मांडी घातली, तारेतले गज सोडले आणि बसवायला लागले. मला काय येतंय त्यातलं? एक गज इकडे, एक तिकडे, स्क्रू बोटातून पडतोय. ती बघत होती. एक गज बसवला, दुसरा बसवला.

"तसं नाय गं आई! उलटं बसवतेस. जाड बाजू खाली."

"मग तू कर. मला कुठे शिकवलं होतं तुझ्या बाबांनी?"

तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "दे हिकडं." पाट घेतला, पाय लांब केले आणि चौथी बाजू तिनं बसवली. मी गज हातात देत होते. टेंपो आला तेव्हा मी बेबीच्या नवऱ्याला लांबूनच हात केला, नको म्हणून. संध्याकाळी जावयांनी तो मागच्या खोलीच्या तुळईला टांगला. आवाज येत नाही. अगदी येत नाही.

हे परवाचं. आज दुपारी ती त्या खोलीत झोपली आहे आणि मी दाराशी बसून लिहितेय. तुम्हाला म्हणून सांगते, भीती मलाही वाटते. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे, तरी मी उठता-बसता तिच्या तोंडाकडे बघते. रिकामा पाळणा डोळ्यांसमोर ठेवणं सोपं नाही हो. बरोबर केलं की चूक, हे मला कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तो टेंपोत घालून पाठवला असता, तर तुमच्या दोघांच्या माथी कायमचा दोष ठेवून पाठवला असता. ते माझ्याच्यानं झालं नाही.

लोकांच्या वस्तू पोचवतेय. म्हशीवाला सापडला, मोठ्यानं बोलणारीही सापडली, खरंच फार मोठ्यानं बोलते.

रविवारी आक्का मयूची ओटी भरायला येणार आहेत. आल्या की त्या आधी मागच्या खोलीत जातील, त्यांची नजर वर जाईल, आणि त्या विचारतील. तेव्हा मी काय सांगणार ते ऐकून ठेवा, कारण हा माझा तुम्हाला शब्द आहे. मी सांगेन, पाळणा मी काढला. माझ्या हातानं काढला, मीच टांगला. आता आणि पुढे, चांगलं होवो की काहीही होवो, कोणीही विचारलं तरी हेच सांगेन. मयूचं नाव येऊ देणार नाही. आणि तुमचं तर नाहीच नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची मला कुठे सवय आहे?

तुमची,
सुनंदा